राजाच्या शिकारीच्या रानात दोन रात्री : राधानगरी-दाजीपूरचा मुक्काम कसा आखावा

कोल्हापूरकर दाजीपूरच्या अभयारण्यात जातात ते बहुतेक एका दिवसात. पहाटे निघायचं, जीपमधून सावराई सड्यापर्यंत, म्हणजे जंगलातल्या पठारापर्यंत जाऊन यायचं, वाटेत गवा दिसला तर फोटो काढायचे आणि रात्री जेवायला घरी. माझं स्पष्ट मत आहे की ही जागा अशी पाहायची नाही. शुक्रवारची आणि शनिवारची अशा दोन रात्री भोगावती नदीच्या खोऱ्यातच काढा. जंगल पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं असतं. एका दिवसात जाऊन येणाऱ्याचे हे दोन्ही वेळ रस्त्यावर जातात.

दुसरंही कारण आहे. हे रान कोल्हापूर संस्थानच्या छत्रपतींचं शिकारीचं रान होतं. शाहू महाराजांनी याच खोऱ्यात भोगावती अडवली, धरणाच्या पाण्याला लक्ष्मी तलाव नाव दिलं आणि मुलीच्या, राधाबाईंच्या नावानं राधानगरी वसवली. त्यांच्या काळातली बेनझीर व्हिला अजून तलावात उभी आहे. जंगल, नदी आणि राजाची वास्तू एकाच खोऱ्यात पाहायची तर सवड हवी.

कधी जायचं

पावसाळ्यात जंगल सफारी बंद असते. जूनपासून साधारण ऑक्टोबरपर्यंत आत सोडत नाहीत. पुन्हा कधी सुरू होणार ते त्या वर्षीच्या पावसावर आणि रस्त्याच्या अवस्थेवर ठरतं, म्हणून दिवाळीच्या आधीचा बेत असेल तर वनविभागाकडे फोन करून खात्री करून घ्या. आठवड्यातला सुट्टीचा दिवस आणि गेटची वेळही त्याच फोनवर विचारा.

नोव्हेंबर ते जानेवारीत हवा स्वच्छ असते, ओढे वाहते असतात आणि रात्री चांगलाच गारठा पडतो. मात्र पाणी सगळीकडे असल्यामुळे जनावरं पांगलेली असतात, दिसतीलच असं नाही. ज्यांना मुख्यतः गवे पाहायचे आहेत त्यांनी मार्च-एप्रिल धरावा. पाणवठे कमी होतात, गवत वाळतं आणि कळप पाण्याच्या आसपास घुटमळतात. मे महिन्यात करवंदं, जांभळं पिकतात आणि शेवटच्या आठवड्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. काजव्यांसाठी जाणार असाल तर टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवायची तयारी ठेवा. काजवे उजेडानंच एकमेकांना शोधतात, आपल्या बॅटरीनं त्यांचं सगळं बिघडतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सांगेन. थंडी सरलेली असते, उन्हाळा अजून चढलेला नसतो, आणि बारावीच्या परीक्षेमुळे घराघरातली माणसं घरीच असल्यानं गर्दीही कमी असते.

मुक्काम आधी, बाकी सगळं नंतर

या सहलीत सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट म्हणजे झोपायची जागा. पर्याय तीन प्रकारचे आहेत.

पहिला, सरकारी विश्रामगृह. जुन्या पद्धतीचं विश्रामगृह मिळालं तर दुसरीकडे बघूच नका. जाड दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढं लांब व्हरांडा आणि त्यात टाकलेल्या आरामखुर्च्या. दुपारी बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा असतो, आणि रात्री कौलांवर फांदी घासली तरी ऐकू येते. आरक्षण संबंधित खात्याच्या कार्यालयातून होतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांना तिथे पहिला मान असतो आणि ऐनवेळी तुमचं आरक्षण रद्द होऊ शकतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करा आणि दुसरी एखादी जागा मनात ठेवा. खोलीची पावती सोबत हवीच. तिथल्या चौकीदाराला किंवा खानसाम्याला आधी कळवलं तरच जेवण होतं. शिधा आपण न्यायचा की ते आणणार, हेही आधीच बोलून घ्या.

दुसरा पर्याय दाजीपूरच्या गेटजवळची निवासव्यवस्था, तंबू आणि रिसॉर्ट. पहाटेच्या सफारीसाठी ही जागा सगळ्यात सोयीची, कारण उठून पाच मिनिटांत गेटवर पोहोचता येतं. लहान मुलं असतील तर तंबूपेक्षा पक्की खोली घ्या, थंडीत तंबूत पहाटे तीननंतर झोप लागत नाही.

तिसरा, राधानगरी गावातली लॉज आणि आसपासच्या गावांतली घरगुती सोय. वयस्कर माणसं सोबत असतील तर हेच बरं. दवाखाना, औषधाचं दुकान, चहाची टपरी सगळं हाताशी असतं आणि तलाव जवळ असतो.

शक्य असेल तर एक रात्र दाजीपूरला आणि एक राधानगरीला काढा. दोन्ही ठिकाणांमध्ये साधारण तासाभराचा रस्ता आहे आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. दाजीपूर म्हणजे घाटमाथ्यावरचं जंगल, राधानगरी म्हणजे धरणाकाठचं गाव.

बेनझीर व्हिलात राहता येत नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. ती वास्तू पडझडीच्या अवस्थेत आहे, तिच्याविषयी पुढे येईलच.

बॅगेत काय

मातकट, हिरव्या किंवा खाकी रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. पांढरा, लाल आणि भडक पिवळा घरी ठेवा. बंद बूट, कानटोपी किंवा मफलर, आणि थंडीत एक जाड स्वेटर, कारण उघड्या जीपमध्ये पहाटेचा वारा झोंबतो. दुर्बीण असेल तर नक्की घ्या, मोबाईलच्या कॅमेऱ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त. टॉर्च, नेहमीची औषधं, ओडोमॉस. गवतातून चालून आल्यावर पायाला गोचीड लागले आहेत का ते पाहून घ्या. पाऊस संपता संपता जाणार असाल तर जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पूड जवळ ठेवा.

रोख पैसे न्या. दाजीपूरकडे मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, आणि रेंज नसली की फोनवरून पैसे देणं जमत नाही. ओळखपत्र प्रत्येकाचं हवं. पेट्रोल राधानगरी सोडण्याआधी भरून घ्या. दारू, ड्रोन, मोठ्यानं गाणी लावायचा स्पीकर यांतलं काहीही अभयारण्यात चालत नाही.

शुक्रवार : निघताना

कोल्हापुरातून रंकाळ्याला वळसा घालून पुईखडीची चढण चढली की राधानगरी रस्ता लागतो. वाशी, हळदी, परिते असं करत भोगावतीच्या कडेकडेनं रस्ता वर जातो. राधानगरी साधारण 55 किलोमीटर, दाजीपूर 80 च्या आसपास. निपाणीकडून येणाऱ्यांना मुदाळतिट्ट्यावरून देवगड रस्त्यानं थेट राधानगरी गाठता येते. एसटीनं जायचं तर कोल्हापुरातून राधानगरीला गाड्या आहेतच, आणि फोंडा घाटातून कोकणात उतरणाऱ्या गाड्या दाजीपूरवरून जातात. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा.

पुईखडीवरून जाताना सोबतच्या मुलांना एक गोष्ट दाखवा. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईननं येणारं शहराचं पाणी इथेच येतं. काळम्मावाडी धरण दूधगंगेवर आहे, राधानगरी भोगावतीवर. तुम्ही ज्या जंगलात निघाला आहात ते या दोन जलाशयांच्या मधोमध पसरलं आहे. आपल्या नळाला येणारं पाणी कुठल्या रानातून झिरपून येतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की त्या रानाकडे बघायची नजर बदलते.

हंगामात, म्हणजे ऊसतोड सुरू असताना, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. दिवेलागणीच्या आत मुक्कामी पोहोचायचं असेल तर दुपारी तीनच्या सुमारास कोल्हापूर सोडा.

हे मी आग्रहानं सांगतो : राधानगरी ते दाजीपूर हा रस्ता अभयारण्यातून जातो. अंधार पडल्यावर गवे डांबरी रस्ता ओलांडतात, कधी मधोमध उभेही राहतात. काळ्या रंगाचं जनावर काळ्या रस्त्यावर हेडलाईटमध्येसुद्धा उशिरा दिसतं. आधी दिसतात ते त्याचे चमकणारे डोळे आणि गुडघ्यापर्यंतचे पांढरे पाय. वेग चाळीसच्या आत ठेवा. समोर गवा दिसला तर गाडी लांबच थांबवा, दिवे डिपरवर घ्या, हॉर्न वाजवू नका. तो त्याच्या सवडीनं जातो. एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागून कळप येत असतो.

शनिवार पहाट : जंगलात

दाजीपूरच्या गेटवर नोंद करून, प्रवेशशुल्क भरून आणि गाईड घेऊन आत जायचं. रस्ता कच्चा, खाचखळग्यांचा आहे. कमी उंचीची कार आत नेण्याचा हट्ट करू नका, गेटजवळ स्थानिक मंडळींच्या जीप मिळतात. शनिवार-रविवारी त्या लवकर भरतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा आणि गेट उघडण्याच्या वेळेला पहिल्या गाडीत असा. पहिल्या गाडीला जे दिसतं ते तिसऱ्या गाडीला दिसत नाही.

गाईड ही इथली खरी शिदोरी आहे. तो याच खोऱ्यातला असतो आणि गुरांमागे रानात वाढलेला असतो. त्याला बसल्याबरोबर सांगा की आम्हाला घाई नाही, गवा नाही दिसला तरी चालेल, पण तू जे बघतोस ते आम्हाला दाखव. एवढं म्हटलं की त्याचा दिवसच वेगळा होतो. मग तो गाडी थांबवून चिखलातला खूर दाखवतो, अस्वलानं फोडलेलं वारूळ दाखवतो, झाडाच्या सालीवर शिंगं घासल्याची खूण दाखवतो.

हे जंगल 1958 साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्याही आधी, गव्यांसाठी राखीव झालं. 1985 साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झालं, क्षेत्रफळ सुमारे 351 चौरस किलोमीटर. 2012 साली पश्चिम घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्या यादीत कास, कोयना, चांदोलीबरोबर राधानगरीही आहे. सह्याद्रीतल्या वाघांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर हे रान आहे. तरी वाघ बघायला म्हणून इथे येऊ नका. इथलं वैभव गवा, शेकरू, धनेश आणि सडा.

गवा पहिल्यांदा जवळून पाहणाऱ्याचा श्वास अडकतो, कारण चित्रावरून त्याच्या आकाराचा अंदाज येत नाही. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी माणसाएवढा उंच, वजन हजार किलोच्या घरात. मानेमागून पाठीच्या मध्यापर्यंत उंचवटा, कातडी तेल लावल्यासारखी तुकतुकीत, कपाळावर राखाडी पट्टा आणि चारही पायांत पांढरे मोजे. कळपातली मादी आधी मान वर करते, नाकपुड्या फुलवते, आणि फुस्सकन आवाज काढते. तो आवाज आला की सगळा कळप तुमच्याकडे वळून उभा राहतो. अशा वेळी गाडीत कुणीही हलायचं नाही, बोलायचं नाही, उभं राहायचं नाही. मिनिट-दोन मिनिटांत मादी पुन्हा चरायला लागली तर समजा की तुम्हाला परवानगी मिळाली. कळप सोडून एकटा फिरणारा नर मात्र जास्त अंतरावरूनच पाहावा. त्यानं मान खाली घालून अंग आडवं केलं, पुढच्या पायानं माती उकरली, की गाईड गाडी मागे घ्यायला सांगेल. त्याच्याशी वाद घालू नका.

गाडी थांबलेली असताना वरही बघा. अंजनी, जांभूळ, ऐन, हिरडा यांच्या शेंड्यांवरून शेकरू जातं. तांबूस पाठ, फिकट पिवळसर पोट, आणि अंगापेक्षा लांब शेपटी. ते फांदीला मागच्या पायांनी धरून उलटं लोंबकळत फळ खातं आणि अर्धवट खाल्लेल्या फळांचा सडा खाली पडतो. म्हणून पायवाटेवर ताजी कुरतडलेली फळं दिसली की तिथेच उभं राहून वर नजर लावायची. धनेशाचं तसंच, तो आधी ऐकू येतो. पंखांचा भसाभस आवाज झाडीवरून जातो, मग पक्षी दिसतो.

ठक्याचा वाडा, सांबरकोंड असे थांबे घेत जीप सावराई सड्यावर पोहोचते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, भोवती दाट झाडी आणि मध्येच हे मोकळं मैदान. कोकणाकडच्या कड्यावरून खाली सिंधुदुर्गाचा मुलूख दिसतो. इथे बहुतेक गाड्या फोटोपुरत्या थांबून वळतात. तुम्ही गाईडला सांगून जेवढा वेळ मिळेल तेवढा बसा, डबा इथेच खा. बरोबर नेलेलं एकूण एक प्लास्टिक, संत्र्याच्या सालीसकट, परत आणा.

परत आल्यावर दुपारी झोपा. पहाटे उठलेल्या माणसानं दुपारीही काहीतरी पाहायचं म्हणून फिरत राहिलं की संध्याकाळ वाया जाते.

शनिवार संध्याकाळ

अंगात जोर असेल तर दाजीपूरजवळच्या शिवगडावर जा. किल्ला लहान आहे, बांधकाम फारसं उरलेलं नाही, पण उगवाई देवीचं ठाणं आहे आणि कोकणाकडे उतरणारे डोंगर तिथून सुरेख दिसतात. परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जा, अंधाराच्या आत खाली या. चालणं नको असेल त्यांनी गगनगिरी महाराजांच्या मठात जावं, तिथली शांतता घेण्यासारखी आहे.

जेवणाची ऑर्डर दुपारीच देऊन ठेवा. रात्री आठनंतर गेलात आणि काही मिळेल असं धरू नका. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा आणि ताक मागा. तांबडा-पांढरा कोल्हापुरात रोज मिळतो, चुलीवरची ताजी नाचणीची भाकरी मिळत नाही.

जेवण झालं की व्हरांड्यातला दिवा मालवून अर्धा तास नुसतं बसा. थंडीत घोंगडी घेऊन बसा. रातवा पक्ष्याचा टकटक आवाज, लांबून भेकराचं, म्हणजे छोट्या हरणाचं भुंकणं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, त्यामुळे गावातलं कुत्रं समजून दुर्लक्ष होतं. ते एकाच जागेवरून सारखं भुंकत राहिलं तर आसपास बिबट्या असण्याची शक्यता धरतात. आवाराबाहेर मात्र कुणीही पाऊल टाकायचं नाही, मुलांनी तर नाहीच.

रविवार : पाणी आणि राजा

सकाळी आवरून राधानगरीकडे उतरा. आधी धरण. दुष्काळ आणि प्लेग दोन्ही पाहिलेल्या राजानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम हाती घेतलं. संस्थानच्या तिजोरीला ते पेलवेना, काम मध्येच थांबलं. 1922 साली महाराज गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. आज त्याची साठवण क्षमता 8.36 टीएमसी, म्हणजे 8.36 अब्ज घनफूट आहे.

या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे ही पाहण्याची मुख्य गोष्ट. दरवाजाला वजनाचा तोल दिलेला आहे. तलाव भरत जातो तसा पाण्याचा दाब वाढतो, ठराविक पातळी ओलांडली की तोल फिरतो आणि दरवाजा आपोआप उघडतो. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. पाणी उतरलं की तसाच मिटतो. एका दरवाजातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी बाहेर पडतं. पावसाळ्यात कोल्हापुरात आपण बातम्यांमध्ये ऐकतो की राधानगरीचे अमुक दरवाजे उघडले, आणि पंचगंगेच्या काठावरची माणसं सामान आवरायला लागतात, ते हेच दरवाजे. धरणावर कुठपर्यंत सोडतात हे सुरक्षेच्या नियमांनुसार बदलतं. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, आणि फोटोला मनाई असेल तर कॅमेरा बाहेर काढू नका.

मग बेनझीर व्हिला. तलावाच्या पाण्यात शिरलेल्या टेकाडावर शाहू महाराजांनी बांधलेली ही वास्तू. पाणी चढलं की तिच्याभोवती तलाव होतो, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की टेकाड उघडं पडतं. काठावरून दुर्बिणीतून पाहिली तरी भिंती आणि कमानी स्पष्ट दिसतात, आणि सकाळी नऊच्या आत गेलात तर ऊन तुमच्या पाठीशी असतं की तोंडावर, हे बघून काठावरची जागा बदला. अधिकृत बोट आणि परवानगी असेल तरच पलीकडे जा. मासेमारीच्या होडीतून, लाईफ जॅकेटशिवाय, कुणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका. जलाशय खोल आहे. भिंतींवर चढणं, नावं कोरणं यानं ती अजून ढासळेल. तिची नीट डागडुजी व्हावी असं मला मनापासून वाटतं. राधानगरीचा इतिहास सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही.

जवळच हत्तीमहाल आहे. संस्थानच्या हत्तींसाठी बांधलेल्या दगडी वास्तूवरून त्या जागेलाही तेच नाव पडलं. तिथे थांबायला फार वेळ लागत नाही. मुलं सोबत असतील तर राधानगरीतलं फुलपाखरू उद्यानही बघा, पण ऊन चढल्यावर जा, फुलपाखरं ऊन मिळाल्याशिवाय उडत नाहीत. राऊतवाडीचा धबधबा पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवसच बघण्यासारखा असतो. उन्हाळ्यात त्यासाठी वाट वाकडी करू नका. पावसाळ्यात जाल तेव्हा दगडांवरच्या शेवाळापासून जपा.

परतीची वाट

जेवून दोनच्या सुमारास राधानगरी सोडली की ऊन असेपर्यंत कोल्हापूर. ऊसाच्या हंगामात वाटेवरच्या गावांत गुऱ्हाळं सुरू असतात. दुपारी जिथे चुलवाणातून धूर निघताना दिसेल तिथे थांबा. मालकाला विचारून आत गेलात तर काहिलीतला रस आटताना पाहता येतो आणि गरम काकवी चाखायला मिळते. काकवीसाठी घरून झाकणाची स्टीलची बरणी न्या, प्लास्टिकच्या बाटलीत गरम काकवी भरू नये. गुळाची ढेप घेताना फार पिवळीधमक निवडू नका. तांबूस, किंचित मऊ, फोडल्यावर आत कणी दिसणारी घ्या, आणि ती वर्तमानपत्राऐवजी सुती कापडात गुंडाळून गाडीत सावलीला ठेवा.